हब उघडण्याआधी: जुन्या धाटणीच्या गाडीच्या चाकाची तयारी

जुन्या धाटणीची गाडी वरून जितकी जुनी दिसते, तितकीच खालूनही जुनी असेल असं धरून चालू नका. बॉडी एका काळातली, पुढचा अॅक्सल दुसऱ्याच गाडीचा आणि डिस्क ब्रेक मागाहून बसवलेले, हे अशा गाड्यांत सर्रास आढळतं. म्हणून हब, म्हणजे चाकाचा मधला फिरता भाग, उघडण्याच्या तयारीचं पहिलं काम ओळख पटवण्याचं. आपल्या चाकामागे मूळ कोणत्या गाडीचे भाग आहेत ते कळेपर्यंत एकही सुटा भाग मागवू नका. मी एकदा गाडीच्या नावावरून बेअरिंग मागवली आणि ती स्टब अॅक्सलवर, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या आसाच्या टोकावर, चढेचनात. तेव्हापासून आधी माप, मग खरेदी.

माप घ्यायला व्हर्निअर जवळ ठेवा. चाकाच्या स्टडचं वर्तुळ, म्हणजे पीसीडी, चार स्टड असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यांतलं अंतर. पाच असतील तर समोर स्टड येत नाही, तेव्हा शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांतलं अंतर घेऊन त्याला 1.701 ने गुणा. अशा बऱ्याच गाड्यांच्या पोटात फोक्सवॅगन बीटलचा सांगाडा असतो, तिथे पीसीडी पाच स्टडचा 205 मिलिमीटर किंवा चार स्टडचा 130 निघाला की निम्मं कोडं सुटतं. बीटलची आणखी एक खोड लक्षात ठेवा: पुढच्या डाव्या चाकाच्या स्टब अॅक्सलचे आटे उलटे असतात. नट हलत नाही म्हणून पान्याला पाइप लावून जोर करण्याआधी आट्यांची दिशा बघा.

आता जागा आणि साहित्य. सपाट, टणक जमीन, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पाचरी आणि सांगाड्याखाली जॅक स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. नव्या स्प्लिट पिना आणि नवे ग्रीस सील आधीच आणून ठेवा, जुने परत बसवायचे नाहीत. ग्रीस चाकाच्या बेअरिंगसाठीचं, उष्णता सोसणारं हवं, आणि जुनं पुरतं धुऊन काढल्याशिवाय नवं भरायचं नाही, कारण सगळी ग्रीस एकमेकांत जमत नाहीत.

मास्क मात्र विसरू नका. ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये, म्हणजे घासून चाक थांबवणाऱ्या थरात, अॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ हवेच्या दाबाने किंवा कोरड्या ब्रशने उडवायची नाही, ओली करून पुसायची आणि ती फडकी पिशवीत बांधून टाकायची.

ड्रम निघत नसेल तर हातोडा उचलण्याआधी अॅडजस्टर सैल करा, कारण झिजलेल्या ड्रमच्या काठावर शू (लायनर लावलेल्या कमानी) अडकतात. एका वेळी एकच बाजू उघडा. स्प्रिंगा कुठून कुठे जातात याचे फोटो काढाच, पण दुसरं अखंड चाक नमुन्याला शेजारी असणं सगळ्यात भरवशाचं. फक्त डाव्या-उजव्या बाजू एकमेकींच्या आरशातल्या असतात, हे ध्यानात असू द्या. ड्रम उतरलेला असताना कुणी पेडल दाबणार नाही याची काळजी घ्या, व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतील. सिलिंडरचं रबरी बूट हलकेच उचलून बघा. आत ओल असेल तर सिलिंडर गळतोय. ते ऑइल किंवा हबमधलं ग्रीस लायनरमध्ये मुरलं असेल तर शू बदलायचे, आणि तेही दोन्ही बाजूंचे जोडीने, नाहीतर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढेल. डिस्क असेल तर कॅलिपर नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा.

पुढच्या हबमध्ये बहुधा आत-बाहेर दोन निमुळत्या रोलर बेअरिंग असतात. प्रत्येकीवर कोरलेला नंबर लिहून घ्या, दुकानात गाडीच्या नावापेक्षा तोच कामाचा. रोलरवर निळसर झाक किंवा कपात (बाहेरच्या कड्यात) खड्डे दिसले तर कप आणि कोन (रोलरसकट आतला भाग) दोन्ही नवे घ्या, नव्या रोलरला जुना कप चालत नाही. बसवताना चाक फिरवत नट आवळायचा म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग सैल करून मॅन्युअलमध्ये दिलेला खेळ, म्हणजे किंचित सैलपणा, ठेवायचा. तो सहसा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. या बेअरिंग कचकचीत आवळल्या तर तापून जळतात.

ब्रेक ऑइलच्या डब्यावरचा आकडा वाचा. डॉट 3, 4 आणि 5.1 एका जातीची, डॉट 5 सिलिकॉनचं, त्यात ही मिसळायची नाहीत. डबा ताजाच फोडा, कारण पहिल्या तिन्ही हवेतलं पाणी शोषतात: डॉट 4 कोरडं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शिरल्यावर तीच हमी 155 अंशांवर येते. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. पाइपचे नट जुळवताना घाई नको. 10 मिलिमीटरचा मेट्रिक आणि 3/8 इंची आटा डोळ्यांना सारखेच दिसतात आणि एकमेकांत एखादा फेरा जातातही, नट हाताने शेवटपर्यंत सहज फिरला तरच तो आपला. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायला सहसा मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, निपलवर (चाकामागच्या हवा सोडायच्या छोट्या तोंडावर) बसेल अशी पारदर्शक नळी आणि पेडलवर एक माणूस लागतो. पेडल कडक लागेपर्यंत गाडी जॅक स्टँडवरून उतरवू नका.