जुन्या मारुती ८००चं ऑइल प्रेशर कमी झालं तर

गाडी तापली की सिग्नलला ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो, रेस दिली की विझतो. कार्ब्युरेटरवाल्या ८००ची ही नेहमीची तक्रार, आणि त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे जाड ऑइल. तो ऐकू नका. दिवा विझेल, पण झीज आत चालूच राहील. रेस देऊनही दिवा पेटलेलाच असेल तर इंजिन तिथेच बंद करा आणि गाडी टो करून न्या.

आधी ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी बघा. गाडी सपाट जागी हवी, इंजिन बंद करून पाच मिनिटं झालेली. ऑइल कमी असेल तर भरा. पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर फ्युएल पंपाचा डायफ्रॅम फाटला असावा. पंप बदला, मग ऑइल आणि फिल्टर.

आता प्रेशर मोजा, कारण दिव्याचा स्विचही खोटं बोलतो. स्विच काढून तिथे काट्याचा गेज लावा. आटे १/८ बीएसपीटी (ब्रिटिश मापाचे) आहेत. एनपीटी (अमेरिकन मापाचं) फिटिंग दोन फेरे जातं, पुढे रेटलं तर ब्लॉकचे आटे जातात. वीस मिनिटं गाडी चालवून मगच वाचन घ्या, थंड ऑइलचा आकडा निरुपयोगी. ३००० आरपीएमला साधारण ३ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) मिळाले तर उत्तम. स्विच बदला, काम संपलं. आयडलिंगला अर्ध्या किलोखाली आलं तर इंजिनखालचं ऑइलचं चेंबर उतरवा.

पंपाच्या सक्शन पाइपच्या तोंडावरच्या जाळीत काजळीबरोबर सिलिकॉन पेस्टचे तुकडे सापडतात. चेंबरच्या जोडावर पेस्ट जास्त लावली की आत निघालेली किनार तुटून थेट जाळीवर बसते. जाळी रॉकेलमध्ये धुवा आणि सक्शन पाइपची ओ-रिंग नवीनच घाला. कडक झालेली रिंग हवा ओढते.

चेंबर उघडाच आहे तर बेअरिंगही तपासा. कॅपवर नंबर आणि दिशेची खूण करा, एकेक कॅप काढून प्लास्टिगेज (दबून फट दाखवणारी मऊ प्लास्टिकची तार) ठेवा, टॉर्क रेंचने आवळा, क्रँक फिरवू नका. कनेक्टिंग रॉडला ०.०८ मिमीपेक्षा जास्त फट किंवा बेअरिंगवर तांबं दिसलं तर जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मायक्रोमीटरने मोजा. जर्नल ओव्हल असताना नुसती बेअरिंग बदलणं म्हणजे पैसे वाया. क्रँक ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंग बसवा.

बेअरिंग ठीक असतील तरच पंपाकडे वळा. तो टायमिंग बेल्टच्या मागे, क्रँकच्या टोकावर आहे, म्हणून बेल्ट आणि पुढचं ऑइल सील त्याच वेळी बदलून घ्या. पंपातला रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारा) कचऱ्याने उघडा अडकला असेल तर प्रेशर तिथूनच निसटतं; धुतल्यावर तो स्वतःच्या वजनाने घसरायला हवा. स्प्रिंगमागे वॉशर घालण्याची युक्ती टाळा. त्याने वरची मर्यादा वाढते, आयडलिंगचं प्रेशर नाही. रोटर किंवा कव्हरवर खोल ओरखडे असतील तर पंपच नवा घ्या.

बसवताना रोटरमध्ये स्वच्छ ऑइल भरा, कोरडा पंप ऑइल ओढत नाही. इग्निशन कॉइलची वायर काढून, गेजचा काटा हलेपर्यंत थोडा थोडा सेल्फ मारा. मगच इंजिन सुरू करा, तापल्यावर पुन्हा मोजा. क्रँकचं काम झालं असेल तर ५०० किलोमीटरला ऑइल-फिल्टर बदला.