ग्लायडिंग क्लबमधल्या आपल्या माणसाची आठवण कशी जपायची

मागच्या वर्षी क्लबात आम्हाला ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवायला शिकवणारे आमचे सर गेले आणि आठवड्याभरात ग्रुपवर ठरलं की त्यांच्यावर एक छोटी पुस्तिका काढायची आणि मैदानावरच एक सकाळ ठेवायची, आणि काम माझ्याकडे आलं. तेव्हा जे कळत गेलं ते इथे लिहून ठेवतोय, कारण प्रत्येक क्लबात असा एक माणूस असतोच जो सगळ्यांच्या आधी येऊन हँगरचं दार सरकवतो, आणि तो गेल्यावर "हसतमुख, मनमिळाऊ, दिलदार" एवढं लिहून मन भरत नाही हो, ते तर कुणाबद्दलही लिहिता येतं.

सुरुवात लॉगबुकापासून, म्हणजे प्रत्येक उड्डाणाची नोंद असलेल्या वहीपासून करा. घरच्यांकडे लगेच मागू नका, तेरावं-चौदावं होऊ द्या, मग काकूंना फोन करून विचारा आणि घरी जाऊन तिथेच बसून पानांचे फोटो काढा, वही उचलून आणू नका. लॉगबुक वाचताना एक चूक हमखास होते, माझीही झाली, मी फक्त एकूण तास बघितले आणि पहिल्या मसुद्यात तेवढाच आकडा टाकला. विंचने, म्हणजे केबल गुंडाळून ग्लायडर ओढणाऱ्या जमिनीवरच्या यंत्राने, लाँच केलं की केबल सुटते साधारण हजार-बाराशे फुटांवर, आणि थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, नाही मिळालं तर पाच-सहा मिनिटांत परत खाली. म्हणजे एखाद्या इन्स्ट्रक्टरने 2000 लाँच केले तरी 6 मिनिटांच्या हिशोबाने तास भरतात फक्त 200. पॉवर विमानवाल्याला 200 तास किरकोळ वाटतील, पण ते 2000 वेळा कुणाला तरी शेजारी किंवा पुढे बसवून वर नेणं आणि सुखरूप खाली आणणं आहे. त्यामुळे लाँच आधी लिहा आणि तास नंतर.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. शिकवणाऱ्या माणसाचं आयुष्य त्याच्या स्वतःच्या लॉगबुकात अर्धंच असतं, उरलेलं अर्धं विद्यार्थ्यांच्या लॉगबुकात असतं. मी ग्रुपवर एवढंच टाकलं, "तुमच्या पहिल्या सोलोचं पान, ज्यावर सरांची सही आहे, त्याचा फोटो पाठवा." बास. (सोलो म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवाय एकट्याने केलेलं उड्डाण.) दोन दिवसांत पानं यायला लागली, कुणी आता एअरलाइनमध्ये कॅप्टन आहे, कुणी त्यानंतर कधी उडलंच नाही पण वही मात्र कपाटात जपून ठेवलेली. तारीख, व्हीटी-जी ने सुरू होणारं ग्लायडरचं रजिस्ट्रेशन, चार-पाच मिनिटांची वेळ, आणि खाली तीच वाकडी सही, शेवटच्या अक्षराची शेपटी रेघेबाहेर गेलेली. एका पानावर सहीच्या वर पेन्सिलने लिहिलंय "अप्रोच थोडा हाय, बाकी छान", म्हणजे उतरायला येताना जरा उंच होतास. ते पान आम्ही पुस्तिकेत मोठं करून छापलं.

आठवणी मागताना "सरांबद्दल दोन शब्द लिहा" असं म्हणू नका, लोक निबंध पाठवतात. प्रश्न विचारा, आणि माणूस कशात शिकला ते बघून विचारा. जुन्या लोकांपैकी बरेच जण रोहिणीवर शिकले. (घरच्यांसाठी आणि नवीन वाचकांसाठी एक ओळ खुलासा टाकाच, कारण अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा ही आपल्या देशात डिझाइन झालेल्या ग्लायडर्सची नावं आहेत, बहुतेक नक्षत्रांवरून ठेवलेली, नाहीतर सरांची आयुष्यभराची रोहिणी कोण असा घोळ होतो.) तर रोहिणी, 1961 मध्ये पहिल्यांदा उडालेली, लाकडी, आणि तिच्यात दोघं शेजारी-शेजारी बसतात. म्हणून रोहिणीवाल्यांना सरांचा हात आठवतो, चेहरा आठवतो, घाबरल्यावर त्यांनी आपल्याकडे बघितलं की नाही ते आठवतं. पुढे-मागे सीट असलेल्या ग्लायडरवर शिकलेल्यांना फक्त मागून येणारा आवाज आठवतो. त्यांना विचारा, मागून काय म्हणायचे? आमच्याकडे सात जणांनी वेगवेगळं, एकमेकांना न विचारता, एकच उत्तर दिलं, "दोरा बघ, दोरा." कॅनॉपीवर समोर लोकरीचा छोटा धागा चिकटवलेला असतो, ग्लायडर तिरका घसरत असेल तर तो बाजूला झुकतो, सरळ असेल तर सरळ राहतो, त्याच्याबद्दल बोलायचे ते. हे वाचून त्यांच्या मुलीने सांगितलं की घरी सायकल शिकवतानाही बाबा हेच म्हणायचे आणि तिला कधी कळलंच नाही कुठला दोरा.

पायलट लोकांआधी विंचवाल्याकडे जा, पंख धरून पळणाऱ्याकडे जा, केबल ओढून आणणाऱ्याकडे, चहावाल्याकडे. ही माणसं लिहून पाठवणार नाहीत, त्यांच्याशेजारी बसून मोबाइलवर रेकॉर्ड करा, आणि वारा असतो मैदानावर म्हणून खोलीत बसा, माझं पहिलं रेकॉर्डिंग नुसती घरघर आलं. आमच्या विंचवाल्या काकांनी वीस मिनिटं जे सांगितलं ते कुणाच्या भाषणात नव्हतं, की सर लाँच झाल्यावर दर वेळी खाली उतरून विंचपर्यंत हात दाखवायचे, एवढ्या लांबून दिसणार नाही हे माहीत असूनही.

घरात एखादी पिन सापडेल, निळ्यावर तीन पांढरे पक्षी आणि भोवती पानांची माळ. आम्हाला ती बटणांच्या डब्यात सापडली. ती सिल्व्हर सी, ग्लायडिंगमधला एक बॅज, आणि तिचा अर्थ घरच्यांना नीट समजावून सांगा, की इंजिन नसताना 5 तास हवेत राहायचं, 1000 मीटर उंची कमवायची आणि 50 किलोमीटर अंतर कापायचं. 5 तास म्हणजे एक थर्मल संपलं की दुसरं शोधत राहायचं, घारी कुठे फिरतायत ते बघत. काकू म्हणाल्या, उन्हाळ्यात रस्त्यावरून जातानासुद्धा हे वर बघत चालायचे, आता कळलं का ते.

माणूस अपघातात गेला असेल तर कारणांवर एक ओळही लिहू नका, ते काम चौकशी करणाऱ्यांचं. आणि लोक ग्रुपवर अंदाज बांधायला लागले तर ॲडमिनने तिथेच थांबवावं, घरचे वाचत असतात.

अस्थी किंवा फुलं ग्लायडरमधून टाकायची इच्छा घरच्यांची असू शकते, फार सुंदर इच्छा आहे, पण उडत्या विमानातून काहीही खाली टाकायला परवानगी लागते, तेव्हा आधी सीएफआयशी, म्हणजे क्लबच्या मुख्य इन्स्ट्रक्टरशी, बोला आणि तोपर्यंत हो म्हणू नका. आम्ही वेगळं केलं. सकाळी वारा पडलेला असताना सगळे विंचपाशी न जमता लाँच पॉइंटला जमलो, भाषणं तीनच, त्यांच्या शेवटच्या विद्यार्थ्याने एक सर्किट, म्हणजे मैदानाभोवती एक फेरी, मारलं, आणि सर्किटभर कुणी बोललं नाही. ग्लायडर डोक्यावरून गेला की शिट्टीसारखा बारीक आवाज येतो, नातवंडांनी तो पहिल्यांदा ऐकला.

पुस्तिकेच्या शेवटी चार पानं कोरी सोडा आणि एक प्रत हँगरमध्येच दोरीला पेन बांधून ठेवा. लोक उशिरा येतात. आमच्याकडे आठ महिन्यांनी एक बाई आल्या, 1980 च्या आसपास शिकलेल्या, बरोबर एक पिवळा पडलेला फोटो, सर तिशीतले, कडेवर कुणाचं तरी लहान मूल आणि दुसऱ्या हाताने पंखाचं टोक धरलेलं. तो चिकटवलाय आता तिसऱ्या कोऱ्या पानावर.