उधारीचं ॲप लिहिताय? या चुका टाळा

कर्नाटकातल्या खानापुरात मामाचं किराणा दुकान आहे. फ्लटर (मोबाईल ॲप बनवायचं साधन) शिकायला घेतल्यावर पहिलं ॲप मी त्याच्या उधारीच्या वहीवरच केलं: नाव, मोबाईल, रक्कम. माझ्या फोनवर झकास चाललं. मामाने पहिलंच गिऱ्हाईक घातलं आणि खाली लाल अक्षरं, 'चुकीचं नाव'.

"विठ्ठल हे नाव चुकीचं व्हय रे?"

नावासाठी फक्त इंग्रजी अक्षरं घेणारा रेजेक्स, म्हणजे मजकूर तपासायचा पॅटर्न, मी कुठूनतरी उचलून चिकटवला होता. मग 'कुठल्याही लिपीतलं अक्षर' असा पॅटर्न लावला, तरी 'वि'वरच अडलं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, व हे अक्षर, पण वेलांटी 'मार्क' या वेगळ्या गटात. काना, हलन्तही तिथेच, आणि कन्नडचंही तसंच. खरं तर नावाला एवढी झडती लागतच नाही. मागचीपुढची स्पेस ट्रिम करा (छाटा), रिकामं नाही ना ते बघा, पुरे.

मोबाईलला मात्र नियम हवा: १० आकडे, पहिला ६ ते ९. गिऱ्हाईकाच्या मेसेजमधून कॉपी केलेला नंबर +९१ आणि स्पेससकट येतो, आधी तो झाडून घ्या. आकडे देवनागरी असले तर डार्टचा (फ्लटरची भाषा) आकड्यांचा पॅटर्न त्यांना ओळखत नाही. रकमेचंही तेच, तिथे मजकुराचा आकडा करताना पार्सऐवजी ट्रायपार्स वापरा, जमलं नाही तर ते नुसतं 'नल' (काहीच नाही) देतं; पार्स मात्र एक्सेप्शन, म्हणजे एरर, फेकतं. उपाय सोपा आहे. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६, कन्नडचा ३३०२. अक्षराच्या क्रमांकातून तो वजा केला की आकडा हातात. आणि रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवा. दशांशात ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही.

माझी सगळ्यात महागडी चूक साठवणुकीतली. आधी यादी नुसत्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे ॲप चालू असेपर्यंतच टिकणाऱ्या जागेत, होती, ॲप बंद की उधारी माफ! म्हणून एसक्यूफ्लाइट घेतलं, ते फोनवरच डेटाबेस ठेवतं. पुढे मामाला 'गाव' हा रकाना हवा झाला, कारण नंदगडचा पाटील वेगळा, बिडीचा वेगळा. मी टेबल बनवायच्या ओळीत तो जोडला आणि 'असा कॉलम नाही' ही एरर आली. ती ओळ ज्यात असते ते ऑनक्रिएट फक्त डेटाबेस नसतानाच चालतं. माझ्या फोनवर मी ॲप काढून परत टाकलं, सुटलं. मामाच्या फोनवरही तेच केलं आणि तीन आठवड्यांची उधारी गेली.

त्याऐवजी डेटाबेसची व्हर्जन १ वरून २ करा, आणि व्हर्जन वाढली की चालणाऱ्या ऑनअपग्रेडमध्ये अल्टर टेबल या आज्ञेने जुन्या टेबलात रकाना जोडा. आणि देण्याआधी स्वतःच्या फोनवर जुनं ॲप टाकून पाच-दहा नोंदी करा, नवीन त्याच्यावरच चढवा, मग नोंदी मोजा.