कुत्रा, मांजर, पोपट, ससा सगळे एकाच घरात ठेवायचे असतील तर

घरात कुत्रा आहे आणि आता मांजराचं पिल्लू आणायचंय, किंवा मांजर आहे आणि पोपट आणायचाय, तर पहिलं हे डोक्यातून काढा की दोघांना समोरासमोर सोडलं की दोस्ती आपोआप होईल. दोस्ती झाली तर उत्तमच, पण ती झालीच पाहिजे असं काही नाही, एकमेकांना घाबरून जगायला लागू नये एवढं जमलं तरी खूप झालं.

नवीन प्राण्याला आधी वेगळी खोली द्या. दोन आठवडे तरी, पक्षी असेल आणि घरात आधीचे पक्षी असतील तर महिनाभर, कारण आजार लगेच दिसत नाहीत. त्या काळात वासाची ओळख करून द्यायची, म्हणजे एकाच्या अंगावरून फिरवलेला टॉवेल दुसऱ्याच्या जेवणाच्या ताटलीजवळ ठेवायचा. त्या वासावर कुणी गुरगुरत नाही, निवांत जेवतंय असं दिसलं की मग दार थोडं उघडा, मध्ये जाळी ठेवा आणि कुत्रा पट्ट्यातच पाहिजे.

आता इथे नीट लक्ष द्या. कुत्रा भुंकतोय याची मला तेवढी काळजी वाटत नाही, जेवढी तो अंग ताठ करून, तोंड मिटून, मांजरावर नजर रोखून गप्प उभा राहिला की वाटते. हाक मारली तरी कान हलत नाही, आवडता खाऊ नाकासमोर धरला तरी बघत नाही, तर तिथेच थांबायचं, त्याला शांतपणे बाजूला न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी जास्त अंतरावरून परत. आणि शेपटीचा घोळ असतोच, कुत्र्याची सैल हलणारी शेपटी बहुतेक वेळा खुशीची असते पण मांजर शेपूट आपटायला लागलं म्हणजे ते वैतागलंय.

मांजराला उंच जागा हवीच, कपाटाचा माथा, भिंतीवरची फळी काहीही, जिथे कुत्रा पोचणार नाही. लिटर ट्रे, म्हणजे मांजराचा शी-शूचा ट्रे, पण कुत्र्याच्या तोंडापासून लांब, आणि जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त. जेवण प्रत्येकाचं वेगळ्या जागी. कुत्र्याचं खाणं मांजराला रोज देऊ नका, मांजराला टॉरिन नावाचं पोषक द्रव्य लागतं आणि ते त्यात पुरेसं असेलच असं नाही, कमी पडलं तर डोळे आणि हृदय खराब होतं.

पक्षी, ससा, गिनीपिग यांच्या बाबतीत मी अजिबात सूट देत नाही. मांजर कितीही गरीब असू दे, तुम्ही खोलीत नसाल तर मध्ये बंद दार पाहिजे, नुसता पिंजरा पुरत नाही कारण पंजा गजातून आत जातो. मांजराच्या तोंडातल्या पाश्चरेला जंतूमुळे पक्षी छोट्याशा जखमेनेही एकदोन दिवसात जाऊ शकतो, म्हणून दात किंवा नख लागलं असा नुसता संशय आला तरी वाट न बघता डॉक्टरकडे न्या. ससा आणि गिनीपिग पण एका पिंजऱ्यात नको. सशाची लाथ गिनीपिगला जबर लागते, शिवाय गिनीपिगला खाण्यातून व्हिटॅमिन सी मिळावं लागतं, सशाला ते लागत नाही. माशांचं सोपं आहे, टँकला घट्ट झाकण आणि खाली भक्कम स्टँड, झालं.

औषधांची गल्लत मात्र जीव घेते. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही गोचीड-पिसवांच्या औषधात परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे, म्हणून लेबल वाचा, आणि असं औषध टाकलं असेल तर ते पूर्ण वाळेपर्यंत मांजराला त्या कुत्र्याला चाटू देऊ नका की चिकटून झोपू देऊ नका. पक्षी असेल तर नॉनस्टिक भांडं रिकामं तापवू नका, जास्त तापलं की निघणाऱ्या वाफेने पक्षी मरतात.

आणि रोज सगळ्यांच्या ताटल्या बघायची सवय लावा. घरात गर्दी असली की कोण जेवलं नाही ते कळत नाही आणि सशाने अर्धा दिवस काही खाल्लं नाही, लेंड्या पण नाहीत, तर ती इमर्जन्सी आहे, सकाळ होईपर्यंत थांबायचं नाही.