फिल्म कॅमेरा सोडायचा का? ठरवण्याआधी काय तपासावं

लॅबकडून आलेल्या तुमच्या शेवटच्या रोलच्या फाइल उघडा आणि त्यांचा आकार बघा. १८०० बाय १२०० पिक्सेल असेल तर तो जेमतेम २ मेगापिक्सेलचा फोटो आहे. त्यातून ४ बाय ६ इंची प्रिंट चांगली निघेल, त्यापुढे ताणू नका. ३००० बाय २००० म्हणजे ६ मेगापिक्सेल, त्यात १० इंच रुंदीची प्रिंट नीट निघते. निगेटिव्हमध्ये याहून बरंच काही असतं, पण ते तुमच्यापर्यंत पोचत नाही. फिल्म की डिजिटल हा वाद रंगतो तेव्हा हेच निसटतं. फिल्मवर काढलेला फोटोही आज बहुतेकदा डिजिटल होऊनच दिसतो. फरक एवढाच, की ते काम दुसऱ्याच्या स्कॅनरवर आणि दुसऱ्याच्या घाईत होतं.

म्हणून क्रम असा ठेवा: डिजिटल बॉडी (लेन्स सोडून नुसता कॅमेरा) आधी घ्या, फिल्म कॅमेरा लगेच विकू नका. बॉडी हातात आली की निगेटिव्ह घरी टिपता येतात, म्हणजे त्यांचे फोटो काढून फाइल करता येतात, जुन्या लेन्स लावून बघता येतात. मग फिल्म कॅमेरा किती बरा आहे आणि तुम्ही कशाचे फोटो काढता, यावर तो ठेवायचा की नाही ते ठरवा.

आधी पैशांचं. समजा रोल १,००० रुपयांना पडतो आणि धुणं-स्कॅनिंग ५०० रुपयांना. ३६ फ्रेममध्ये भागा: फ्रेममागे ४२ रुपये. ४०,००० रुपयांचा सेकंडहँड डिजिटल संच २७ रोलांत वसूल होतो. महिन्याला एक रोल काढणाऱ्याला सव्वादोन वर्षं, दोन महिन्यांतून एक काढणाऱ्याला साडेचार. आकडे तुमच्या लॅबचे घाला. डिजिटलच्या बाजूला कार्ड, जादा बॅटरी आणि दोन हार्ड डिस्क धरायला विसरू नका. वर्षाला तीन-चार रोल संपत असतील तर पैसे वाचवायला म्हणून डिजिटल घेण्यात अर्थ नाही. तिथे कारण वेगळं हवं.

ते कारण बहुधा विषय असतो. ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीत फ्लेमिंगो टिपायचे तर ४०० मिमीच्या आसपासची लेन्स आणि सलग फ्रेम लागतात. सेकंदाला ५ फ्रेमच्या वेगाने ३६चा रोल सात सेकंदांत संपतो, आणि हलत्या बोटीत रोल बदलेपर्यंत थवा पार दुसऱ्या काठाला. दहीहंडीत पाणी, धक्के आणि दर मिनिटाला बदलणारा उजेड, तिथेही डिजिटल. नाट्यगृहातला प्रयोग, घरचं लग्न, पैसे घेऊन केलेलं कुठलंही काम यांतही विचार करत बसू नका. फिल्म शोभते ती सावकाश कामाला: पोर्ट्रेट, जुन्या ठाण्यातल्या गल्ल्या, संध्याकाळचा मासुंदा तलाव. तलावावर रात्री ट्रायपॉड लावणार असाल तर एक लक्षात ठेवा. एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर उजेड पडण्याचा वेळ, एका सेकंदापेक्षा लांबला की फिल्मची संवेदनशीलता घटते. उजेड मोजणारा मीटर १० सेकंद म्हणत असेल तर इलफर्ड एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मला साधारण २० सेकंद द्यावे लागतात. डिजिटलला ही अडचण नाही.

लॅबला काय विचारायचं

ठाणे आणि वाशी-नेरुळच्या बऱ्याच फोटो स्टुडिओंत आता पासपोर्ट फोटो आणि मोबाइलवरून प्रिंट हेच काम उरलं आहे. रोल घेतला तरी तो बाहेर पाठवला जाण्याची शक्यता जास्त. म्हणून रोल देण्याआधी विचारा: इथेच धुता की पाठवता? रंगीत रोलचं सी-४१ रसायन नियमित चालतं का? स्कॅन किती पिक्सेलचं? निगेटिव्ह परत देता का, आणि सहा-सहाच्या पट्ट्या कापून स्लीव्हमध्ये घालून की नुसती गुंडाळी करून? सी-४१चा डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) ३७.८ अंशांवर ३ मिनिटं १५ सेकंद चालतो. रसायन पडून राहिलं की हवेने खराब होतं, आणि सावल्या एका रंगाकडे, उजेड दुसऱ्या रंगाकडे झुकतो. हा दोष स्कॅनमध्ये पूर्ण सुधारता येत नाही.

चूक लॅबची की आपली, हे निगेटिव्हच सांगतं. कडेला कारखान्यातच उमटवलेले फ्रेमचे आकडे आणि फिल्मचं नाव असतं. ते गडद आहेत आणि फ्रेम मात्र फिक्या, तर एक्स्पोजर कमी पडलं: दोष मीटरचा, शटरचा किंवा तुमचा. कडेचे आकडेही फिके असतील तर धुण्यात गडबड आहे. निगेटिव्ह परत न देणाऱ्या लॅबला रोल देऊच नका.

कृष्णधवल रोल घरी धुता येतो. एचपी५ प्लसला डी-७६ डेव्हलपर पाण्याने एकास एक पातळ करून २० अंशांवर ११ मिनिटं. आपल्याकडे अडचण पाण्याची. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सहज ३० अंशांच्या वर जातं. टबमध्ये पाणी आणि बर्फ घालून सगळ्या रसायनांच्या बाटल्या त्यात ठेवा. शेवटच्या धुण्याचं पाणीही त्याच तापमानाला आणा. थंड डेव्हलपरनंतर एकदम गरम पाणी ओतलं तर इमल्शनवर, म्हणजे फिल्मच्या चित्राच्या थरावर, सुरकुत्यांची जाळी पडू शकते.

जुना कॅमेरा तपासताना

रोल न भरता मागचं झाकण उघडा. लेन्स काढा, शटर बंदच राहू द्या आणि अंधारात मागून टॉर्च मारून समोरून बघा: शटरच्या पडद्याला भोक असेल तर उजेडाचा ठिपका दिसतो. मग वेग तपासा. मोबाइल २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर लावून मागून उजेडाकडे चित्रण करा. १/३० सेकंदाला शटर साधारण ८ फ्रेम उघडं दिसलं पाहिजे, १/६० ला ४. एक सेकंद दीड सेकंदाचा झाला असेल तर तेल घट्ट झालं आहे. वरचे वेग अशा पद्धतीने नीट कळत नाहीत, ते एक रोल खर्चूनच कळतात.

झाकणाच्या खाचेतला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटत असेल तर उजेड आत शिरणार. जुना फोम टूथपिकने खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने खाच पुसा, तिथे काळी लोकर किंवा दीड मिमी जाडीचा नवा फोम बसवा. आरशाला आणि वरच्या काचेला अल्कोहोल लावू नका. आरशाचा लेप निघतो.

मीटरसाठी १.३५ व्होल्टचा पारा असलेला सेल लागणारे कॅमेरे अनेकांकडे आहेत. तो सेल आता मिळत नाही. त्या जागी १.५ व्होल्टचा बसवला तर बऱ्याच कॅमेऱ्यांत मीटर जास्त उजेड दाखवतो आणि फोटो काळवंडतात. कानाच्या यंत्राचा ६७५ नंबरचा सेल रिंग घालून बसतो, पण दमट हवेत लवकर संपतो. पेंटॅक्स के१००० ला मीटर बंद करायचं बटणच नाही. लेन्सवर झाकण नसेल तर सेल उतरत राहतो. निकॉन एफएम२चं शटर सेलशिवाय चालतं, अशा बॉडी ठेवण्यासारख्या. पूर्ण इलेक्ट्रॉनिक पॉइंट अँड शूटचं सर्किट गेलं की दुरुस्ती जवळजवळ नसतेच, त्यावर पैसे घालू नका.

लेन्सच्या मागून टॉर्च धरून समोरून तिरकं बघा. कोळिष्टकासारखे धागे म्हणजे फंगस. आपल्या भागात पावसाळ्याचे चार महिने हवेत ८० टक्क्यांवर आर्द्रता असते, त्यामुळे हा प्रश्न फिल्म आणि डिजिटल दोघांचाही. रबरी कड असलेला हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या; ३० च्या खाली नेऊ नका. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास सुकवा. फंगस लागलेली लेन्स वेगळ्या डब्यात. आजोबांची चामडी केस शोकेसमध्ये ठेवा, रिकामी. न वापरलेले रोल फ्रिजमध्ये झिप पिशवीत ठेवायचे आणि बाहेर काढल्यावर दोन तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर फिल्मवर दव धरतं. काढून झालेला रोल जुलैत पर्समध्ये महिनाभर ठेवू नका, लगेच धुवायला द्या.

डिजिटल बॉडी घेताना

सेकंडहँड घ्यायची तर फोर्टात, सीएसएमटीजवळच्या कॅमेरा दुकानांत प्रत्यक्ष बघून घ्या. ठाण्याहून किंवा वाशीहून थेट लोकल आहे. स्वतःचं कार्ड आणि स्वतःची लेन्स न्या. एफ/१६ वर (लेन्सचं छिद्र बारीक करून) पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो काढा, स्क्रीनवर मोठा करून ठिपके बघा. धूळ पुसता येते; धाग्यासारखे डाग दिसले तर उठा. शटर किती वेळा चाललं ते काही कंपन्यांच्या बॉडीत फोटोच्या फाइलमधून कळतं. सुरुवातीच्या वर्गातल्या अनेक डीएसएलआरचं (आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांचं) शटर १ लाख वेळांसाठी धरलेलं असतं. बिलावरचा आणि बॉडीखालचा क्रमांक जुळवा.

जुन्या लेन्स चालतील का, यावर कुठली बॉडी घ्यायची ते ठरवा. निकॉनच्या एआय प्रकारच्या जुन्या लेन्स डी७००० सारख्या बॉडीवर मीटरसह चालतात. डी३००० आणि डी५००० मालिकेत त्या बसतात, पण मीटर मिळत नाही. एआयच्या आधीच्या लेन्स आधुनिक निकॉनवर बळेच लावू नका, कडेची तरफ मोडू शकते. कॅननच्या जुन्या एफडी लेन्स कॅननच्याच डीएसएलआरवर बसत नाहीत, मिररलेसवर (आरसा नसलेल्या बॉडीवर) अडॅप्टरने बसतात. जुन्या लेन्सचा गठ्ठा असेल तर मिररलेस घ्या आणि मेनूत लेन्सशिवाय शटर चालण्याची सोय सुरू करा. एपीएस-सी सेन्सरवर (तो ३५ मिमी फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान असतो) ५० मिमीची लेन्स ७५ मिमीसारखी दिसते, हे विसरून खोलीतले समूह फोटो काढायला जाऊ नका.

हाताची सवय बदलावी लागते ती एक्स्पोजरची. रंगीत निगेटिव्ह एक-दोन स्टॉप जास्त उजेड सहन करते (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), म्हणून फिल्मवाले सावलीला मोजतात. डिजिटलमध्ये जळलेला पांढरा परत येत नाही. पाडव्याच्या शोभायात्रेत उन्हातले पांढरे सदरे आणि जरीचे काठ आधी वाचवा: रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, जळालेला भाग लुकलुकण्याचा इशारा सुरू ठेवा, गरज पडली तर एक्स्पोजरची भरपाई उणे दोन-तृतीयांश स्टॉप. सावली नंतर उचलता येते.

निगेटिव्ह घरी टिपणं

एपीएस-सी बॉडी, ५० मिमी लेन्स आणि १२, २०, ३६ मिमीच्या एक्स्टेंशन ट्यूबचा (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणाऱ्या नळ्यांचा) संच घ्या. ३६ मिमी रुंद निगेटिव्ह २४ मिमी सेन्सरवर बसवायला सुमारे ०.६७ पट आवर्धन लागतं. १२ आणि २० च्या नळ्या एकत्र लावल्या की ते जमतं, उरलेलं लेन्सच्या फोकसने. फुल फ्रेमला (फिल्मच्या फ्रेमएवढ्या सेन्सरला) पूर्ण एकास एक लागतं, तिथे मॅक्रो लेन्सच बरी. खाली ९५ च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेला एलईडी पॅनल, त्यावर निगेटिव्ह सपाट धरणारी चौकट.

कॅमेरा समांतर आहे का ते आरशाने बघा: निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत हलवा. मग आयएसओ १००, एफ/८, रॉ, दोन सेकंदांचा टायमर. खोलीतले दिवे बंद, पंखाही बंद, नाहीतर पट्टी हलते आणि धूळ बसते. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक डाग पडतात; हवेचा रबरी फुगा वापरा. पॅनलचा निगेटिव्हबाहेरचा भाग काळ्या कागदाने झाका, त्या उजेडाने चित्र फिकं होतं. संगणकावर पट्टीच्या कोऱ्या केशरी कडेवर व्हाइट बॅलन्स घ्या, मग रंग उलटा.

फाइलच्या तीन प्रती हव्यात, त्यातली एक दुसऱ्या घरात. निगेटिव्ह पॉलिप्रॉपिलीनच्या स्लीव्हमध्ये ठेवा, पीव्हीसीची पाकिटं घामट होऊन चिकटतात. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर त्या पट्ट्यांचा ॲसिटेट पाया कुजायला लागला आहे. त्या बाकीच्यांपासून लगेच दूर करा आणि सर्वांत आधी टिपा. त्यानंतर रंगीत, कारण त्यांचे रंग उडत जातात. चांदीवरचे कृष्णधवल नीट धुतलेले असतील तर ते शेवटी घेतले तरी चालतात.