नाशिकमध्ये मैत्रिणीसोबत हाफ मॅरेथॉन कशी धावावी

हाफ मॅरेथॉनचे २१.०९७५ किलोमीटर एकटीने धावणे वेगळे आणि मैत्रिणीसोबत धावणे वेगळे, हे मला नाशिकमध्ये राहूनही उशिरा कळले. ठाण्याहून माझ्याकडे मुक्कामाला आलेल्या मैत्रिणीला पहिल्या वर्षी मी सुरुवातीचे पाच किलोमीटर माझ्या वेगाने धावायला लावले. पहाटेच्या गारव्यात वेग जास्त झाल्याचे दोघींच्याही लक्षात आले नाही, आणि सतराव्या किलोमीटरला तिच्या पोटरीत असा गोळा आला की ती रस्त्याच्या दुभाजकाला धरून उभी राहिली. पुढचे चार किलोमीटर आम्ही चालत गेलो. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही, पण त्यानंतर सोबत धावण्याची तयारी मी मुळापासून बदलली.

पहिला नियम असा की, दोघींपैकी जिची गती कमी, तीच दोघींची गती. ही गती शर्यतीच्या सकाळी ठरवता येत नाही. दोघी वेगवेगळ्या शहरांत राहत असाल, तर शर्यतीच्या दीड-दोन महिने आधी एकाच रविवारी आपापल्या ठिकाणी दहा किलोमीटर धावा, आणि धावताना पूर्ण वाक्ये बोलता येतील इतकाच वेग ठेवा. त्यातून येणाऱ्या संथ गतीवर शर्यतीचा हिशेब मांडा. किलोमीटरला ७ मिनिटे ३० सेकंद लागत असतील, तर शर्यत सुमारे २ तास ३८ मिनिटांत संपते. ८ मिनिटे लागत असतील, तर सुमारे २ तास ४९ मिनिटांत. पाणी घेण्यासाठी थांबाल त्याची चार-पाच मिनिटे वेगळी धरा आणि ही बेरीज आयोजकांच्या मुदतीत बसते का, ते नावनोंदणीपूर्वीच पाहा.

पाच किलोमीटर सहज धावता येत असतील, तर दहा ते बारा आठवड्यांची तयारी पुरेशी होते. आठवड्यातून तीन-चार दिवस धावावे, रविवारची लांब धाव हळूहळू १६ ते १८ किलोमीटरपर्यंत न्यावी, आणि अखेरच्या दोन आठवड्यांत अंतर कमी करावे. त्या काळात भीतीपोटी जास्त धावण्याचा मोह होतो, तो टाळावा.

प्रवासाचे नियोजन करताना शर्यतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी, दुपारपर्यंत नाशिकला पोहोचणे सर्वांत महत्त्वाचे आहे. मुंबईहून संध्याकाळी सुटणारी पंचवटी एक्स्प्रेस नाशिककरांची लाडकी असली, तरी ती रात्री पोहोचते, आणि बिब (छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद) व टायमिंग चिप (धावण्याची वेळ नोंदवणारी पट्टी) यांचे वाटप बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशीच उरकलेले असते. नाशिक रोड स्टेशन शहराच्या मध्यापासून आठ-दहा किलोमीटरवर आहे, हेही लक्षात घ्या आणि मुक्काम स्टेशनजवळ न करता प्रारंभस्थळाजवळ करा.

शनिवारी पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढू नका, अंजनेरी किंवा ब्रह्मगिरी तर नकोच, आणि द्राक्षमळ्यांतली वाइनही त्या दिवशी नको, कारण मद्याने झोप बिघडते आणि शरीरातले पाणीही कमी होते. त्याऐवजी अनंत कान्हेरे मैदानाच्या ट्रॅकवर वीस मिनिटे हलके धावा. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. इथे धावायला उतरताना ते आठवले की मला अजूनही हुरूप येतो. रात्री वरण-भात, भाजी असे रोजचे जेवण लवकर घ्या. मिसळ रविवारी खायची आहे.

झोपण्यापूर्वी कपडे मांडून ठेवा. बिब टी-शर्टला चारही कोपऱ्यांत पिनांनी लावा, पण पोटाच्या थोडे वर, म्हणजे कंबरेचा पट्टा त्यावर घासणार नाही. काखेत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला व्हॅसलीन लावायचे, ते बाटलीशेजारीच ठेवा. बूट नवे नसावेत.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पहाटेचा पारा १० अंशांपर्यंत आणि कधी त्याखालीही जातो. मुंबईकरांना ही थंडी सुखावते आणि तीच फसवते, कारण कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो आणि तहान जाणवत नाही. तरीही प्रत्येक ठिकाणी पोटभर पाणी पिऊ नका; चार-पाच घोटच घ्या आणि अधूनमधून मिठाचे पेय घ्या. एक तास झाल्यावर सरावात वापरून पाहिलेले एनर्जी जेल (ऊर्जेसाठी चोखायचा गोड, घट्ट पाक), खजूर किंवा चिक्की दर अर्ध्या तासाने थोडी-थोडी खा.

मार्ग आधी पाहून घ्या. गोदावरी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, त्यामुळे गंगापूर धरणाच्या किंवा त्र्यंबकच्या दिशेने जाताना रस्ता नकळत चढत जातो आणि परतताना उतरतो. शर्यत त्या बाजूला असेल, तर जाताना घड्याळाकडे फार पाहू नका. दोघींना बोलता येते ना, एवढेच तपासा. पहिले तीन किलोमीटर ठरलेल्या गतीपेक्षाही संथ ठेवा. अर्धे पाऊल पुढे राहणारी मैत्रीण दुसरीला सतत ओढत असते, म्हणून खांद्याला खांदा लावून धावा. मात्र गर्दीत वाट अडवू नका, तिथे एकीमागे एक व्हा.

करार आदल्या रात्रीच करा. माझ्या मते, पंधराव्या किलोमीटरपर्यंत काहीही झाले तरी सोबत राहावे, आणि त्यानंतर एकीला दम असेल व दुसरीने मनापासून ‘जा’ म्हटले, तर तिने जावे. साधा थकवा असेल तर चार मिनिटे धाव आणि एक मिनिट चाल, असे दोघींनी मिळून करावे. पण छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा बोलणे अडखळणे दिसले, तर करार संपला: दोघींनीही थांबायचे आणि वैद्यकीय पथकाला हाक मारायची. अंतिम रेषेनंतर भेटण्याची जागाही ठरवून ठेवा, कारण फोन बहुधा सामानकक्षात असतो.

पदक गळ्यात पडल्यावर लगेच बसू नका. दहा मिनिटे चाला, कोरडे कपडे घाला, मग मिसळ, पापड आणि दही. परतताना कसारा घाट उतरण्यापूर्वी इगतपुरीला गाडी थांबवून पाय मोकळे करा, आणि गाडी दोघींपैकी कोणीही न चालवता तिसऱ्या कुणाला चालवू द्या, कारण दुपारनंतर डोळ्यांवर येणारी झापड फार गाढ असते.