हागीचा साके-पेला वापरताना

जपानच्या यामागुची प्रांतातल्या हागीचा पेला हाती आला की लगेच साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, ओतू नका. ही माती भाजल्यावरही सच्छिद्रच राहते, आणि पेंढ्याच्या राखेच्या पांढऱ्या झिलईत केसासारखे बारीक तडे असतात. म्हणून आधी रात्रभर स्वच्छ पाण्यात बुडवा. पुढेही दर वेळी ओतण्याआधी पाण्यात बुडवून काढा, म्हणजे साके आत कमी मुरते.

धुवायला कोमट पाणी आणि मऊ कापड पुरे. डिशवॉशर, मायक्रोवेव्ह नकोच.

खरी काळजी वाळवण्याची! बुडाला झिलई नसते, तिथे ओल राहून बुरशी धरते. मी पेला आडवा करून दोन-तीन दिवस वाऱ्यावर ठेवते, मगच कपाटात. वापराने तड्यांत हळूहळू रंग मुरत जातो. त्याला ब्लीच लावू नका, हागीची भांडी रसिक त्यासाठीच तर घेतात.